कळसूबाई-भंडारदरा एका दिवसात: गाडी काढण्याआधी परतीचा हिशेब का मांडायचा?

शनिवारी रात्री अकराला निघायचं, पहाटे कळसूबाईच्या शिड्या चढायच्या, माथ्यावर सूर्योदयाचा व्हिडिओ काढायचा, खाली येऊन सांधण दरीत डोकवायचं, जमलं तर रतनगडाचं नेढं आणि रविवारी रात्री जेवायला घरी. असा बेत तुमच्याही एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला असेल. नकाशावर पाहिलं तर तो शक्यही दिसतो, कारण ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून गाडीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहेत.

गडबड होते ती उरलेल्या अर्ध्या दिवसात. रीलमध्ये चढ असतो, माथा असतो, ढग असतात. गुडघे थरथरत उतरलेला शेवटचा टप्पा, ओढ्यापाशी पडलेला अंधार आणि घाटात डुलक्या आवरत धरलेलं स्टिअरिंग त्यात नसतं. भंडारदऱ्याच्या भागात एक दिवसाचा ट्रेक आखायचा असेल तर हिशेब या दुसऱ्या अर्ध्यापासून मांडायला हवा. तो कसा, ते पाहू.

हा परिसर नेमका कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर) पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. त्याच्या डोंगराळ भागात कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य पसरलेलं आहे. १९८६ मध्ये ते जाहीर झालं. नावातच त्याची दोन टोकं आहेत: उत्तरेला महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड. मधे रतनगड, प्रवरा नदीचा उगम, घाटघरचा कडा, साम्रदची सांधण दरी आणि या सगळ्यांच्या मध्यभागी भंडारदरा धरणाचा जलाशय.

धरणाचं बांधकाम १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम. धरणाची साठवण सुमारे ११ टीएमसी. पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'भंडारदरा भरलं' असं ऐकतो, ते हेच. इथलं पाणी प्रवरेतून खाली अकोले, संगमनेरच्या शेतांकडे जातं आणि नदी पुढे नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते.

मुंबईहून जाताना कसारा घाट चढून इगतपुरी, पुढे घोटी आणि तिथून भंडारदऱ्याचा फाटा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळून इगतपुरीपर्यंत येता येतं. मात्र समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे बाइकवाल्यांना जुनाच रस्ता. घोटीकडून येताना आधी बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव लागतं आणि मग शेंडी, म्हणजे धरणाजवळचं गाव. पुणेकरांना नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. मुंबईहून बारीपर्यंत तीन-साडेतीन तास, पुण्याहून चार-साडेचार तास धरा. त्यात चहा आणि घोटीच्या बाजारातली गर्दी मिळवा.

हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का आहेत?

कळसूबाई पहिल्यांदा चढणारा प्रत्येक जण एकदा तरी फसतो. समोर टोक दिसतं, तिथे पोचल्यावर कळतं की ती नुसती एक सपाटी आहे आणि खरा डोंगर त्याच्या मागे उभा आहे. हे दोन-तीनदा होतं. याचं कारण दगडात आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. नंतरच्या लाखो वर्षांच्या पावसाने भुसभुशीत थर झिजवून त्यांचे उतार आणि सपाट्या केल्या, घट्ट थर मात्र उभ्या कातळभिंती म्हणून राहिले. भूशास्त्रज्ञ या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. कळसूबाईवर लोखंडी शिड्या जिथे लागतात, ते या जिन्याचे उंच दगडी टप्पे. मधल्या सपाट्यांवर ताक-लिंबूपाण्याच्या टपऱ्या.

ही माहिती परीक्षेसाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे. हिमालयातल्या किंवा परदेशातल्या ट्रेकिंगच्या व्हिडिओंमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: वाट चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली उतरा, वस्ती सापडेल. सह्याद्रीत, त्यातही कोकणाच्या बाजूला, हा सल्ला घातक आहे. इथला ओढा जिन्याच्या कडेला पोचतो आणि सरळ खाली उडी घेतो. तुम्ही त्याच्या मागे उतरत जाता, एक-दोन लहान टप्पे घसरत पार करता आणि मग समोर तीन-चारशे फुटांचा कडा येतो. वर जायचं तर घसरलेले टप्पे चढता येत नाहीत. माणसं अडकतात ती बऱ्याचदा अशीच.

मग काय करायचं? वाट हरवल्याची शंका आली की तिथेच थांबायचं. जिथे खात्रीची खूण शेवटची दिसली होती (रंगाचा बाण, दगडांची लगोरी, मळलेली वाट) तिथे आल्या पावली परत जायचं. धुकं दाट असेल आणि तेही दिसत नसेल, तर गटाने एकत्र, वारा लागणार नाही अशा जागी बसून राहायचं आणि ११२ ला फोन लावायचा. पोलीस आणि वनखात्याकडून निरोप गावातल्या माणसांपर्यंत आणि बचाव पथकांपर्यंत जातो. राज्यात 'महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर' ही गिर्यारोहकांची स्वयंसेवी यंत्रणा याच कामात आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीच्या वाटेने गेलेला पुण्याचा एक गट पावसात आणि धुक्यात रस्ता चुकला. त्यातल्या एकाचा थंडीने मृत्यू झाला. 'महाराष्ट्रात कसली थंडी', असं अनेकांना वाटतं. पण अंगावरचे कपडे भिजलेले, वर पठारावरचा वारा आणि पोटात काही नाही, अशा अवस्थेत शरीराची उष्णता फार वेगाने जाते. त्यासाठी बर्फ लागत नाही. म्हणून पावसाळी ट्रेकला पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड हवा. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड मागे राहिला तरी चालेल.

वेळ कशी मोजायची?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला. तो आजही वापरतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला आणखी एक तास.

बारी ते कळसूबाईचा माथा ही वाट एका बाजूने साधारण साडेसहा किलोमीटर आणि चढ जवळपास ९०० मीटर. नेस्मिथच्या हिशेबाने अंतराचे एक तास वीस मिनिटं, चढाचा दीड तास, म्हणजे एकूण पावणेतीन तास. हा न थांबता चालणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचा वेळ. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या सहा जणांचा गट धरला, फोटो धरले, शिड्यांपाशी लागलेली रांग धरली, तर साडेतीन ते चार तास. उतरायला अडीच-तीन. माथ्यावर देवीच्या छोट्या मंदिरापाशी अर्धा तास. एकूण सात तास.

आता उलटं मोजा. डिसेंबरात इथे सूर्यास्त सहाच्या आसपास होतो, जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. डोंगराच्या सावलीत आणि झाडीत अंधार त्याच्या अर्धा तास आधीच पडतो. हिवाळ्यात पायथ्याला चार वाजता पोचायचं ठरवलं, म्हणजे एखादा मुरगळलेला पाय किंवा चुकलेली वाट सांभाळायला दीड तास हाताशी राहतो. चारला खाली, तर एकच्या आत माथा सोडायला हवा. याचा अर्थ सकाळी साडेआठच्या आत पहिलं पाऊल पडलं पाहिजे. साडेसातला निघालात तर आणखी उत्तम, ऊनही टळतं.

यातून निघते ती माघारीची वेळ. गटाने पायथ्यालाच ठरवायचं की एक वाजला की जिथे असू तिथून फिरायचं, माथा दिसत असला तरी. हे वर गेल्यावर ठरवू म्हटलं तर कधीच ठरत नाही, कारण तिथे 'अजून दहाच मिनिटं' म्हणणारा कोणीतरी असतोच. आणि ती दहा मिनिटं कुठल्या सपाटीपर्यंतची आहेत, ते वर सांगितलंच आहे.

रतनगड, सांधण, हरिश्चंद्रगड

रतनगड १२९७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बुटका, पण वाट जास्त रानातली. रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव कामाने भरलेलं प्राचीन शिवमंदिर आणि त्याची पुष्करणी आहे. तिथून प्रवरेचा ओहोळ ओलांडत जंगलातून वाट जाते, शेवटी शिड्या लागतात. वर कड्याला आरपार पडलेलं भोक आहे, तेच नेढं. त्यात बसायला मजा येते, पण वारा तिथे बोगद्यासारखा घुसतो. पावसाळ्यात सकाळी घोटाभर असलेला ओहोळ दुपारच्या सरीनंतर कमरेपर्यंत जाऊ शकतो आणि तुम्ही पलीकडे अडकता. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत थांबणं हाच मार्ग. डोंगरी ओढे जसे पटकन चढतात तसे बहुतेकदा काही तासांत उतरतातही.

सांधणबद्दल एकच सांगायचं आहे. ती अरुंद घळ म्हणजे पाण्याचीच वाट आहे. काही ठिकाणी दोन माणसं शेजारून जेमतेम जातील इतकी ती चिंचोळी आहे आणि दोन्ही बाजूंना उभे कातळ. वर पठारावर पाऊस पडला की पाणी इथूनच जातं आणि बाजूला चढायला जागाच नसते. पावसाळ्यात वनविभाग तिथे बंदी घालतो, ती याच कारणाने. डिसेंबरनंतर जा. सुरुवातीचा भाग पाहून परत फिरणं दोन-तीन तासांत होतं. पुढे दोर लावून उतरावं लागणारे टप्पे आहेत, तिथे माहीतगार आणि साहित्य याशिवाय जायचं नाही.

हरिश्चंद्रगड खरं तर मुक्कामाचा गड. तरी एका दिवसात करायचाच असेल तर राजूरमार्गे पाचनई गाठा. तिथून दोन-अडीच तासांत मंदिरापाशी पोचता येतं. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट सुंदर आहे पण लांब, आणि पाचनईच्या तुलनेत चुकण्याच्या जागाही जास्त. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे कडेवर उभं असताना पायाखाली पोकळी आहे हे वरून कळत नाही. कडा पाहायचा तर पोटावर झोपून, आणि वारा असेल तर तेही नाही. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत ढग असतील तर स्वतःच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसलं की हमखास कोणीतरी मोबाइल घेऊन दोन पावलं पुढे सरकतं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड कसं?

चढताना दम लागतो, म्हणून चढ कठीण वाटतो. उतरताना श्वास शांत असतो, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरत असतात, म्हणजे ब्रेकचं काम करतात. या प्रकारच्या कामाने स्नायूंना जास्त इजा होते. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना जी कळ येते, ती चढाची नसून उताराची देणगी असते. त्यात वाट घसाऱ्याची, बूट झिजलेले आणि मन आधीच जेवणात गेलेलं. म्हणून उतरताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले आणि शिड्यांवर तोंड डोंगराकडे. एका वेळी एका शिडीवर मोजकीच माणसं. कळसूबाईवर रविवारी सकाळी चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, तेव्हा उतरणाऱ्याने थांबायचं.

आणि मग गाडी. या भागाच्या सहलीत माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका हाच आहे. शनिवारी सकाळी आठला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी चालवायला बसतो, तीनला चढायला लागतो, सूर्योदय पाहतो, उतरतो आणि रविवारी अकराला परतीसाठी गाडी सुरू करतो. तेव्हा तो सलग २७ तास जागा असतो. सतरा तास जागं राहिल्यावर प्रतिक्रिया देण्याचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं संशोधनात आढळलं आहे. भारतात गाडी चालवताना अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबभर न पिता आपला ड्रायव्हर ही मर्यादा ओलांडून कसारा घाट उतरत असतो, आणि मागच्या सीटवर बाकीचे पाच जण गाढ झोपलेले असतात.

उपाय महागडे नाहीत. शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी पोचून शेंडीत वा बारीत झोपणं हा सर्वात चांगला. तेवढी सुट्टी नसेल तर रात्रभर प्रवास करण्याऐवजी लवकर झोपून पहाटे चारला निघा. सूर्योदय हुकेल, माथा नाही. तेही नको असेल तर एकाने चढूच नये. तो पायथ्याला झोपेल आणि परतीला गाडी घेईल. घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवण्याऐवजी खालचा गिअर टाका, नाहीतर ब्रेक तापून पकड सुटते.

कोणत्या महिन्यात जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात उतार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरतात, वाटा थोड्या ओल्या असतात. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला गावोगावचे लोक चढतात. तेव्हा ट्रेकला नव्हे, जत्रेला चाललोय असं समजून जा. मार्च ते मे तीन-चार लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू आणि सकाळी अकराच्या आत चढ संपवणं. उन्हाळ्यात नाही तर एरवीही कड्यांवरची आग्या मोहोळं लक्षात ठेवा: धूर, आरडाओरडा, उग्र वासाचे स्प्रे यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात न झटकता, तोंड-डोकं झाकून, लांब निघून जायचं. अर्थात कड्याच्या दिशेने नाही.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काजवे. नर काजवा उजेड लुकलुकवून मादीला बोलावतो आणि हे सगळं काही आठवड्यांत उरकायचं असतं. गाड्यांच्या हेडलाइटचा झोत पडला की ते संकेत एकमेकांना दिसत नाहीत. वनविभागाचे प्रवेशाच्या वेळांचे आणि गाड्यांचे नियम त्या दिवसांत बदलतात, म्हणून चेकनाक्यावर विचारूनच आत जा.

ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी

आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर जलाशयाला गाडीने प्रदक्षिणा घाला. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि पुन्हा शेंडी असा साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा आहे, आरामात अर्धा दिवस लागतो. घाटघरला कोकणात उतरणारा कडा कठड्यापासून पाहता येतो. तिथेच २५० मेगावॉटचा उदंचन वीजप्रकल्प आहे: विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. राजूरच्या रस्त्यावर रंधा धबधबा लागतो. धरणाच्या पायथ्याचा अम्ब्रेला फॉल मात्र धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो, त्यामुळे फोटो पाहून गेलेले अनेक जण कोरडा दगड बघून येतात.

पेट्रोल घोटी, राजूर किंवा अकोल्यालाच भरून घ्या. मोबाइलला रेंज तुटक असते, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा आणि कोण कुठे चाललंय, किती वाजेपर्यंत फोन येईल, हे घरी कोणाला तरी लिहून पाठवा. सुट्टे पैसेही ठेवा. ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत आणि भाताच्या एका हंगामानंतर बऱ्याच घरांचं वर्ष पर्यटकांवर निघतं. सकाळी चढण्याआधी मावशींना किती माणसं जेवायची आहेत ते सांगून ठेवलं तर उतरल्यावर पिठलं-भाकरी, भात, ठेचा तयार मिळतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. तीन वाजले, चार वाजले आणि सांगितलेली सहा माणसं जेवायला आली नाहीत, तर डोंगराकडे पहिल्यांदा बघणारं माणूस त्या घरातलंच असतं.